हवालदार धूमकेतू आणि आमचे बाबा

परवा व्हिडिओ कॉलवर नीलनं मला त्याच्या आवडत्या मालिकेतला म्हातारा सैनिक करून दाखवला. एक खांदा वर, हनुवटी पुढे, खांद्यावर बंदूक म्हणून टेनिसची रॅकेट, आणि दर वाक्याच्या सुरुवातीला "मी लढाईत होतो तेव्हा". अन्वी मागे सोफ्यावर हसून लोळत होती. मीही हसले. नक्कल खरंच छान होती. मग नीलनं विचारलं, "आजी, आपले पणजोबा पण फौजी होते ना? ते असेच होते का?" मी म्हटलं, थोडेसे. तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली आणि फोन बंद झाला. त्यानंतर दिवसभर घर आवरताना मला ते "थोडेसे" खटकत राहिलं. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. म्हणून हे प्रकरण तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. सावकाश वाचा. मोठा शब्द अडला तर आईला विचारा.

आम्ही तेव्हा कामठीत राहत होतो, विणकरांच्या मोहल्ल्यात, दोन खोल्यांच्या घरात. आमच्या भिंतीपलीकडे कादरचाचांचे पॉवरलूम होते. पॉवरलूम म्हणजे विजेवर चालणारे माग. ते सकाळी सुरू झाले की दिवस मावळून बराच वेळ होईपर्यंत खटाखट चालू. आमच्या फळीवरचे पेले त्या आवाजानं एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. भिंतीला पाठ टेकली की आवाज बरगड्यांत शिरायचा. पाहुणे आले की पहिल्या दिवशी ओरडून बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी निघून जायचे. फौजेची पेन्शन असलेल्या माणसानं असल्या कोलाहलात घर का घ्यावं, हे नातेवाइकांना कळत नसे. बाबा म्हणायचे, भाडं कमी आहे. भाडं काही फार कमी नव्हतं. मला ते गणित उशिरा उलगडलं. सारखा आवाज बाबांना चालायचा. त्यांना न चालणारा होता तो अचानक आवाज. आणि सारख्या आवाजाच्या पोटात अचानक आवाज बुडून जातो. त्या खटाखटीत ते लहान मुलासारखे गाढ झोपत.

त्यामुळे आमच्या घरातली भीती इतरांच्या उलटी होती. आम्ही शांततेला भ्यायचो. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी सकाळपासून आई पावलं जपून टाकायची, आणि बाबा चहाचा कप हातात धरून दारात उभे राहायचे, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे आलटून पालटून बघत. इतर दिवशीही कधी लाइन गेली की सगळे माग एका क्षणात थांबायचे. त्या क्षणी आई हातातलं काम सोडून आधी बाबांकडे बघायची, मग दिवा शोधायची.

घराचे काही नियम होते. ते कोणी शिकवले हे मला आठवत नाही, जसं चालायला कोणी शिकवलं ते आठवत नाही. बाबांना मागून हाक मारायची नाही. त्यांच्याजवळ धावत जायचं नाही. झोपेतून उठवायचं असेल तर खाटेच्या पायथ्याशी उभं राहून हळू बोलायचं, हात लावायचा नाही. काही सांगायचंच असेल तर समोरून जायचं, हात मोकळे ठेवायचे, त्यांच्या नजरेत यायचं, आणि मग तोंड उघडायचं. स्वयंपाकघराचेही नियम होते. मिरच्या कुटायच्या त्या बाबा कामावर गेल्यावर. मामांनी लग्नात दिलेला प्रेशर कुकर शिटीमुळे चुलीवर चढलाच नाही, आई त्यात तांदूळ ठेवायची. आमच्या फोडणीत मोहरी नसे, फक्त जिरं, कारण मोहरी तडतडते. तुम्ही इथे आलात की माझ्या वरणाला वेगळी चव आहे म्हणता ना, ती त्या घरातून आलेली आहे. आता नागपुरात, बेसाच्या या फ्लॅटमध्ये मोहरीला घाबरणारं कोणी नाही, पण माझा हात मोहरीच्या डब्याकडे जातच नाही.

बाबा एकाहत्तरच्या लढाईत होते. नाईक या हुद्द्यावर फौजेतून बाहेर पडले. एवढंच आम्हाला माहीत होतं. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, ते लढाईमुळे की वयामुळे हेही आम्ही विचारलं नाही. कोणी पाहुण्यानं कौतुकानं विचारलं की मेश्रामजी, लढाईत काय काय केलं, तर ते म्हणायचे, "महिनाभर आंघोळ नाही केली." मग पाहुणा हसायचा आणि बाबा लंगरच्या, म्हणजे फौजी खानावळीच्या, पुऱ्यांचं वर्णन सुरू करायचे. पुरी केवढी मोठी, डाळ किती पातळ, स्वयंपाक्याला डाळीत डाळ शोधायला कसं सांगितलं. लढाई पुरीवर संपायची.

फौज सुटल्यावर त्यांना नागपुरात एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. माजी सैनिकाला दुसरं कोण काय देणार? बंदूकच देतात. खाकी कोट, टोपी, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि लाकडी दस्त्याची जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. सकाळी तिजोरीच्या खोलीतून बंदूक घ्यायची, संध्याकाळी परत ठेवायची, आणि मधला सगळा वेळ दाराजवळच्या स्टुलावर ती मांडीवर आडवी घेऊन बसायचं. म्हाताऱ्यांना स्लिपा भरून देणं, पोरांना खडूच्या तुकड्यासारख्या पेपरमिंटच्या गोळ्या देणं, ही बाबांची स्वतःहून घेतलेली कामं होती. लोक त्यांना ओळखायचे. मी त्याच शहरात कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. रोज सकाळी आम्ही दोघं एकाच बसनं जायचो.

अशात टीव्हीवर एक मालिका आली. दिल्लीहून लागायची, हिंदीत, शुक्रवारी संध्याकाळी. मोहल्ल्यात टीव्ही कादरचाचांकडेच होता, आणि शुक्रवारी माग बंद असल्यामुळे सगळा मोहल्ला त्यांच्या बैठकीत. मालिकेत एका बँकेची गोष्ट होती आणि त्या बँकेचा पहारेकरी होता हवालदार धूमकेतू. निवृत्त फौजी. भल्या मोठ्या मिशा, ढगळ कोट, खांद्यावर दुनळी. कोणी रागावलं, कोणी झोपेतून उठवलं, चहाचे पैसे मागितले, की तो एक खांदा वर करून, हनुवटी पुढे काढून म्हणायचा, "हमने टैंक रोके हैं, टैंक." आणि लगेच उंदीर यायचा, किंवा कोणाच्या हातून पेला पडायचा, आणि हवालदार धूमकेतू टेबलाखाली. मागे लोकांच्या हसण्याची ध्वनिमुद्रित लाट यायची.

पहिल्यांदा तो टेबलाखाली गेला तेव्हा चाचांची बैठक हसली, आणि हसता हसताच अर्ध्या लोकांनी मान वळवून बाबांकडे बघितलं. मला ते अजून दिसतं. बाबा नेहमीसारखे दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसले होते. आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. कादरचाचांनी खाकरून टीव्हीचा आवाज उगाच कमी केला. आणि बाबा हसले. घशातून, मोकळे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "बम आहे बुवा हा माणूस." मग सगळे सुटल्यासारखे पुन्हा हसले. आई मात्र हसली नाही. घरी येताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "हे काही चांगलं नाही होऊन राहिलं, सुमे."

तिचं बरोबर होतं. काही आठवड्यांत अख्खं नागपूर टँक थांबवायला लागलं. बसचा कंडक्टर बाबांना म्हणायचा, धूमकेतूसाहेब, तिकीट. बँकेत येणारी मुलं विचारायची, ही बंदूक खरंच उडते का. बाबा सगळ्यांना हसून उत्तर द्यायचे. मला मात्र राग यायचा. एकदा मी विचारलं की तुम्ही खरंच टँक बघितला होता का. ते म्हणाले, "बघितला ना. टँक कोणी रोकत नाही, बाई. डिझेल संपलं की तोच थांबते." आणि पुरीच्या गोष्टीकडे वळले.

घरात मात्र त्यांची झोप कमी झाली. शुक्रवारी ते मालिका बघायला हट्टानं जायचे, भरपूर हसायचे, आणि घरी आल्यावर भाकर मोडताना तुकडे ताटाबाहेर पडायचे. आई ते तुकडे उचलायची. मोहल्ल्यात एक जुना फौजी होता. तो एका रात्रीत बदलला आणि घरच्यांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवला. तो परत आला नाही. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. आईची भीती ती होती. नोकरी गेली असती तर माझं शेवटचं वर्ष गेलं असतं, हे खरं. पण माणूसच गेला तर काय, हा तिचा प्रश्न होता, आणि तो ती कोणाला विचारू शकत नव्हती.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या शुक्रवारच्या भागात शेवटी बँकेवर चोर आले. हवालदार धूमकेतूनं गर्जना केली, बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला, आणि नुसतं खट् झालं. बंदुकीत गोळीच नव्हती. नळीत त्यानं विड्या लपवून ठेवल्या होत्या. चाचांच्या बैठकीत लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. मी सवयीनं बाबांकडे बघितलं. त्या दिवशी ते हसत नव्हते. टीव्हीकडे टक लावून बघत होते, कोणीतरी आपलं नाव घेतल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, बँक अर्धा दिवस. परीक्षेच्या फॉर्मला ड्राफ्ट जोडायचा होता म्हणून मी कॉलेजातून तिथे गेले. सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी कालचाच भाग होता. देशकर नावाचा एक नवा क्लार्क होता, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. हसरा मुलगा. बाबांवर त्याचा जीव होता, त्यांच्या डब्यातला झुणका हक्कानं खायचा. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला दुष्ट समजाल, आणि तो दुष्ट नव्हता.

मी हॉलच्या आतल्या टोकाला काउंटरशी उभी होते. बाबा समोरच्या टोकाला, लोखंडी जाळीच्या दाराजवळ, आमच्याकडे तोंड करून. त्यांच्या पाठीमागे जाळीपलीकडे व्हरांडा. देशकर व्हरांड्यातून आत आला, बाबांच्या बाजूनं, ओठ दाबून. काउंटरमागे येऊन बसला आणि शेजारच्याला कोपर मारलं. मग माझ्या लक्षात आलं की काउंटरमागचं कोणीच काम करत नाही. सगळे कागदांवर डोकी घालून दाराकडे डोळे लावून बसलेत. मी तिकडे बघितलं. व्हरांड्याच्या कोपऱ्यातून, बाबांच्या स्टुलाच्या मागून, निळसर धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढत होती. उदबत्ती. तुम्हाला हे ठाऊक नसेल, पण इथली पोरं हा खेळ करतात. सुतळी बॉम्बची वात पेटत्या उदबत्तीला टेकवून ठेवायची. उदबत्ती जळत जळत वातीपर्यंत पोचते, तोवर लावणारा साळसूदपणे लांब जाऊन बसलेला असतो.

दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर ओरडली असती. बाबा, मागे बघा. एवढंच ओरडायचं होतं. देशकरला तरी सांगायचं होतं की विझव ते. पण ओरडणं माझ्या घशात नव्हतंच. मला एकच गोष्ट करता येत होती, जी जन्मापासून करत आले होते. समोरून जायचं, हात मोकळे ठेवायचे, नजरेत यायचं, मग बोलायचं. मी ड्राफ्टचा कागद काउंटरवर ठेवला आणि निघाले. धावले नाही. धावायचं नसतं. हॉल लांब होता. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. एक म्हातारी वाटेत पासबुक उलटसुलट करत उभी होती, तिला वळसा घातला. धुराची रेघ कोपऱ्याशी वाकली होती. बाबांनी मला येताना बघितलं आणि ते किंचित हसले. मी तोंड उघडलं.

आणि तो फुटला. व्हरांड्याला छत होतं, त्यामुळे आवाज आत आला तो दुप्पट होऊन. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाबा स्टुलावर नव्हते. एक गुडघा फरशीवर, दस्ता खांद्यात, गाल दस्त्याला चिकटलेला. हे सगळं कधी झालं ते मी बघत असूनही मला दिसलं नाही. दोन काळी गोल भोकं माझ्याकडे होती. हॉलमध्ये त्या क्षणी हलणारं दुसरं कोणी नव्हतं, फक्त मी चालत होते. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांना मी सुमी दिसत नव्हते. बोट मागे आलं. खट्. बोट दुसऱ्या चापावर गेलं. खट्.

मग कोणीतरी हसलं.

काउंटरमागून हसण्याचा लोंढा आला. कालचाच भाग पुन्हा डोळ्यांसमोर घडला होता, अगदी तसाच. बंदूक खांद्याला, बोट चापावर, आणि खट्. म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. देशकर टेबलावर हात आपटत ओरडला, "टैंक, मेश्रामजी, टैंक." आणि त्या सगळ्या आवाजात बाबा हळूहळू परत आले. मी त्यांना परत येताना बघितलं. आधी डोळे आले, मग मला ओळखलं, मग आपल्या बोटाकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी ओल्या फरशीवर उभी होते, हात मोकळे, जसे शिकवले होते तसे. मला एवढंच वाटत होतं की आता कोणी माझ्याकडे बघू नये. कोणीच बघितलं नाही. सगळे बाबांकडे बघत होते.

बँकेच्या साहेबांनी बाबांना आणि देशकरला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला अर्ध्या उंचीचं झुलतं दार होतं, बाहेर सगळं ऐकू येत होतं. आधी देशकरची चांगली खरडपट्टी झाली. मग साहेबांचा आवाज उतरला, आणि तो उतरलेला आवाज जास्त वाईट होता. म्हणाले, मेश्राम, फटाक्याचं सोडा. कामाच्या वेळी बंदूक भरलेली असायला हवी, हा नियम आहे. ती रिकामी कशी? मला हे वर कळवावं लागेल. ती चुकून रिकामी राहिली नव्हती, हे मी ओळखलं. खरं सांगितलं तर ते वेडे ठरणार होते, खोटं सांगितलं तर कामचुकार, आणि दोन्हीकडे नोकरी जात होती. दाराच्या वरून मला त्यांचे खांदे आणि टोपी दिसत होती. ताठ. मग एक खांदा वर गेला. हनुवटी पुढे आली. आणि माझे बाबा, जे घरी कधी मोठ्यानं बोलत नसत, खर्जात म्हणाले, "साहब, हमने टैंक रोके हैं, टैंक. चोर के लिए गोली काहे को खराब करना?"

सगळी बँक पुन्हा फुटली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, जा, सोमवारपासून भरून ठेवत जा, आणि या वयात असला वेंधळेपणा करू नका. बाबांनी सलाम ठोकला, तोही धूमकेतूसारखा, टोपी पडेल असा. वर काही कळवलं गेलं नाही. बाबा त्या नोकरीत शेवटपर्यंत राहिले. पुढे देशकर तिथेच साहेब झाला आणि बाबांच्या निरोप समारंभात त्यानं हाच किस्सा रंगवून सांगितला. बाबा सगळ्यांत जास्त हसले. मी त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसले होते.

पण त्या शनिवारी बँक सुटल्यावर आम्ही कामठीच्या बसमध्ये बसलो तेव्हा ते हसत नव्हते. खिडकीकडे तोंड, मांडीवर डब्याची पिशवी, आणि पिशवीखाली एका हातानं दुसरा हात दाबून धरलेला. मी समोरच्या सीटकडे बघत विचारलं की गोळ्या कुठे होत्या. त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. सकाळी दोन काडतुसं बंदुकीत घातल्यासारखं करून ते रुमालात गुंडाळून तिथे ठेवायचे, वाजू नयेत म्हणून. निघताना पुन्हा पट्ट्यात. त्या दिवशी परत घालायची राहिली होती, रुमालाची गाठ कोटात तशीच होती.

"कधीपासून, बाबा?"

"पहिल्या दिवसापासून." मग म्हणाले, "मले माह्या हाताचं माहीत आहे."

मी म्हटलं, आणि खरंच चोर आला असता तर? ते म्हणाले की बंदूक बघून चोर पळतो, आणि नाही पळाला तर नेऊ दे, पैसे बँकेचे आहेत. हे त्यांनी नेहमीच्या सुरात म्हटलं, पुरीच्या गोष्टीसारखं, आणि मला संताप आला. मी म्हटलं, "मग त्या लोकांसमोर जोकर काहून झालात? ते तुमच्यावर हसत होते."

बस थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा सुरू झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसणारा माणूस चौकशी नाही करत, सुमे. रडणारा करते. कौतुक करणारा तर लईच करते." आणि मग, "तो धूमकेतू आहे ना, त्याच्या बंदुकीत गोळी काहून नसते, हे कोणी विचारलं काय? लिहिणाऱ्यानं इड्या भरल्या नळीत, लोक हसले. पण तो फौजी आहे. लिहिणाऱ्याले माहीत नसंन, त्याले माहीत असंन."

मी इंग्रजी वाङ्मय शिकत होते. पात्रांबद्दल आम्हाला पानंच्या पानं लिहावी लागत. कोणत्याही पात्राबद्दल असं कोणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यानंतर टीव्हीवर, सिनेमात, आता तुमच्या त्या मोबाइलवर, मी कितीतरी गमतीदार म्हातारे सैनिक बघितले. बढाया मारणारे, दचकणारे, तीच ती गोष्ट सांगणारे. मी हसते. पण हा म्हातारा हाच एक किस्सा का सांगतो, दुसरा का सांगत नाही, हे मनात येतंच.

कामठी जवळ आल्यावर ते म्हणाले, "तुह्या आईले सांगू नको."

"काय नको सांगू?"

"समोर कोण होतं ते."

घरी पोचलो तेव्हा माग चालू होते. आईनं लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांगी केली होती. तिला बातमी आधीच लागली होती. मोहल्ल्यातली कोणी बाई त्या दिवशी बँकेत होती, तिनं चाचीला सांगितलं, चाचीनं भिंतीवरून आईला. काहीतरी फटाका, काहीतरी हसाहशी, एवढंच. ताटं वाढून झाल्यावर आईनं विचारलं की आज बँकेत काय झालं म्हणे. तिचा आवाज अगदी साधा होता. बाबांनी पाण्याचा पेला उचलला. ते बोलणार नाहीत हे मला कळलं. मग मी बोलले. उठून उभी राहिले आणि सगळं करून दाखवलं. देशकरचं ओठ दाबणं, म्हातारीचं पासबुक, बॉम्ब, साहेबांचा उतरलेला आवाज. एक खांदा वर केला, हनुवटी पुढे काढली आणि खर्जात म्हटलं, चोर के लिए गोली काहे को खराब करना. आई हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून. बाबाही हसले. मी तो सलाम परत केला, टोपी नसताना टोपी पाडली, आणि ती दोघं पुन्हा हसली. मला चांगलं जमत होतं.

हसू ओसरल्यावर आईनं डोळे पुसले, परातीतला गोळा हातावर घेतला आणि भाकर थापायला लागली. थापता थापता, मान वर न करता, तिनं विचारलं, "अन् बंदुकीसमोर कोण होतं वं?"

बाबांचा हात ताटात थांबला. भिंतीपलीकडे माग खटाखट चालले होते.

मी म्हटलं, "कोणी नाही. भिंत होती."

आईनं भाकर तव्यावर टाकली. तिच्यावरून पाणी फिरवलं. हात पदराला पुसत माझ्याकडे बघितलं, पायांपासून वर, केसांपर्यंत, सावकाश, बाजारातून आणलेली वस्तू कुठे चेपली तर नाही ना असं बघतात तसं.

"भिंतीले काही लागलं तर नाही ना?"

"नाही."

"मग बस. जेव."